पुढचं चाक

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावावरून सायकलींची मोठी शर्यत गेली, आणि तेव्हापासून 'पहिला' म्हणजे नेमका कोण, हे मला कळेनासं झालंय. माझ्यासारख्याला हे न कळणं म्हणजे गवळ्याला दूध न ओळखू येणं. कारण पहिला कोण आला हे ओरडून सांगायचं, एवढंच मी आयुष्यभर करत आलोय.

मी बैलगाडी शर्यतींचा समालोचक. औंधापासून विट्यापर्यंत आणि खाली शिराळ्यापर्यंत जेवढी मैदानं भरतात, तेवढ्या मैदानांवर माझा आवाज गेलेला आहे. एकदा ऐन फायनलला कर्णा बंद पडला, तर अर्धा तास कुणाला कळलंच नाही. औंधच्या यमाईच्या डोंगरावरची माकडं माझ्या 'सुटलाऽऽ'ला दोन पायांवर उभी राहतात म्हणतात. मी स्वतः बघायला गेलेलो नाही, पण सांगणारा माणूस खोटं बोलणारा नव्हता. मी थापा मारतो असं गावात बोललं जातं. ते चूक आहे. मी खऱ्यालाच धरतो, फक्त त्याला जरा फेटा बांधतो.

त्यातला सगळ्यांत मोठा फेटा मी तात्यांना बांधला होता.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. फौजेत होते. चाळीसेक वर्षांपूर्वी पलटणीच्या संघातून त्यांनी हीच शर्यत मारली होती. मारली म्हणजे सायकल मारली. पुढं काय झालं तोच या गोष्टीचा घोळ आहे. ही शर्यत एका दिवसाची नसते. आज या गावाहून त्या गावाला, उद्या तिथून पुढं, असे आठ-आठ दिवस टप्पे चालतात. आमच्या तालमीच्या भिंतीवर तात्यांचा त्या वेळचा फोटो आहे. गालफडं बसलेली, मिशी मात्र शाबूत, हात सायकलीवर आणि अंगात पिवळी बनियन. पिवळी बनियन त्या शर्यतीत सगळ्यांत वर असलेल्याची, एवढं गावात कुणीतरी कुठंतरी वाचलेलं होतं.

माझ्या पहिल्याच मैदानाला पाहुणे वेळेवर आले नाहीत. माईक हातात, बैल ताटकळलेले, बोलायला काही नाही. तेवढ्यात कुंपणाच्या तारेखालून वाकून तात्या आत येताना दिसले. मी ओरडलो, "सायकलीच्या महाशर्यतीचा चँपियन, आपल्या मातीचा वाघ, मैदानात येतोय होऽऽ!" लोकांनी माना वळवल्या. पाहुण्यांची खुर्ची रिकामीच होती. तात्यांना तिच्यावर बसवलं, फेटा बांधला, नारळ दिला. त्या दिवसापासून पंचक्रोशीतल्या प्रत्येक मैदानात तात्यांची खुर्ची पुढच्या रांगेत. आमच्याकडं माणसाची किंमत त्याच्या खुर्चीच्या जागेवरून ठरते. मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत यायला माणसाला तीन निवडणुका लागतात. तात्या तारेखालून वाकून आले आणि सरळ पुढं बसले.

आणि मग इतक्या वर्षांनी ती बंद पडलेली शर्यत पुन्हा सुरू झाली. परदेशातले पगारी सायकलवाले येणार होते. एक टप्पा सातारा ते सांगली, रहिमतपूर, औंध, विटा, तासगाव करत, आमच्या गावातून. वीस वर्षं अर्ज करून जो रस्ता झाला नव्हता, तो तीन दिवसांत झाला. इतका गुळगुळीत, की एक म्हातारी त्यावरून घसरून थेट विट्याच्या बाजारात पोचली. गावात स्पीड ब्रेकर सात. सातही उखडले. उसाच्या ट्रॉल्यांना त्या दिवसापुरती बंदी.

तालुक्याला बैठक झाली. तहसीलदार साहेब म्हणाले, सायकली यायच्या आधी दोन तास लोक रस्त्याकडेला बसून असणार, तर त्यांना शर्यतीचा इतिहास आणि आजवरचे विजेते सांगणारा कुणीतरी पाहिजे. मी हात वर केला. शर्यतीचा इतिहास मला तात्यांच्या फोटोपुरताच माहीत होता, पण हात वर करायला इतिहास लागत नाही. सरपंचांनी तिथंच जाहीर केलं, की माजी चँपियन आमच्याच गावचे आहेत आणि त्यांचा साहेबांच्या हस्ते सत्कार करू. दुसऱ्या दिवशी गावाच्या कमानीवर ट्रकएवढा फ्लेक्स लागला. त्यावर तात्या, पिवळ्या बनियनमध्ये.

तीन दिवस आधी शर्यतीच्या कचेरीतून एक मॅडम आल्या. चुणचुणीत पोरगी, गळ्यात तीन ओळखपत्रं. त्यांनी मला नियम सांगायला घेतले.

"आमच्या गावात जो पहिला येईल त्यालाच गुलाल ना?" मी विचारलं.

"तुमच्या गावात नुसती मधली रेषा आहे. तिथं जो पहिला येईल त्याला थोडे गुण मिळतात. टप्पा सांगलीत संपतो."

"म्हणजे सांगलीत पहिला येईल तो जिंकला."

"तो आजचा टप्पा जिंकला. शर्यत नाही."

"मग शर्यत?"

"सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला, तो. पिवळी जर्सी त्याची."

"तो आज कितवा आला तर चालतो?"

"एकविसावा आला तरी चालेल."

"मॅडम, आमच्याकडं एकविसाव्या आलेल्या बैलाला मालक घरात घेत नाही."

त्या हसल्या आणि आणखी सांगत राहिल्या. चढावर पुढं असणाऱ्याची ठिपक्यांची जर्सी. मधल्या रेषांवरच्या गुणांची हिरवी. पंचविशीच्या आतल्यांची पांढरी. ही पांढरी मला तेवढी कळली, कारण आमच्याकडं आदत बैलांची, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेल्या कोवळ्या बैलांची शर्यत वेगळी असते. बाकी एकाच रस्त्यावर एकाच वेळी चार शर्यती चालल्यात आणि चौघंही जिंकतायत, हे ऐकून माझ्या डोक्याचा छकडा उलटला. मी वहीत चार रंग लिहिले आणि त्यापुढं चार वेळा 'पहिला' लिहिलं.

जाताना मॅडमनी एक टाइप केलेला कागद दिला. "ही जुन्या विजेत्यांची यादी. सालवार वाचा."

मी यादी घेतली आणि आधी तात्यांचं साल काढलं. साल मला पक्कं माहीत, कारण त्याच उन्हाळ्यात तात्यांचं लग्न झालं. त्या सालासमोर नाव होतं, पण ते तात्यांचं नव्हतं. कुणा पंजाब्याचं होतं. मी आधलं साल बघितलं, पुढचं बघितलं. यादी खालून वर वाचली. कागद पालथा करून बघितला. तात्या कुठंच नव्हते.

कमानीवर ट्रकएवढे तात्या, सत्काराला साहेब येणार, आणि विजेत्यांची यादी माझ्याच तोंडून वाचली जाणार. यादी वाचली तर तात्यांची खुर्ची गेली. नाही वाचली, तर शेजारी गळ्यात तीन ओळखपत्रं घालून मॅडम उभ्या.

सकाळी तात्यांकडं गेलो. ते गोठ्यात कडबा तोडत होते. गोठ्याच्या खुंटीवर दावी अडकवलेली आणि त्या दाव्यांच्या खाली, लहानपणापासून मी बघत आलेलं, सायकलीचं एक बारीक गंजकं चाक. ते तिथं का आहे असं मी कधी विचारलं नव्हतं. खुंटीवर काहीतरी असतंच.

मी यादी पुढं केली. तात्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि त्या सालावर थांबवलं.

"बराबर हाय," ते म्हणाले.

"काय बरोबर हाय? आवं तात्या, तुमचं नाव न्हाई ह्यात!"

"कशाला आसंल? मी कुटं पयला आलो व्हतो?"

"मग पिवळी बनियन?"

"त्येची हाय ती. माजी फाटली व्हती. शर्यत संपल्यावर त्येनं आपल्या अंगातली काढून माज्या अंगात घातली आन् म्हनला, काढ फोटू."

कोयता खाली ठेवून तात्यांनी मग सगळं सांगितलं. तो पंजाबी त्यांच्याच संघाचा. संघात सहा जण, पण जिंकायचं ठरलेलं त्यानंच. बाकीच्या पाचांनी त्याच्यापुढं वारा अडवायचा, पाणी पोचवायचं. शेवटच्या दिवशी खंबाटकीच्या घाटात त्याचं पुढचं चाक बसलं. मदतीची गाडी मागं अडकलेली. तात्यांनी आपल्या सायकलीचं पुढचं चाक काढून त्याला दिलं आणि त्याचं पंक्चर झालेलं चाक, तेच हे खुंटीवरचं, हातात घेऊन घाटात बसले. तो त्या दिवशीही पहिला आला आणि सगळ्या दिवसांचा वेळ धरूनही पहिला आला. तात्या शेवटून दुसरे. शेवटचा जो होता तो दवाखान्यात होता.

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाई?"

"तू पयल्यांदा वरडलास तवा मी उटनारच व्हतो. तवर फेटा बांदला. फेटा बांदल्यावर मानूस खाली बसतो का उटतो? दुसऱ्या मैदानाला म्हटलं, आज सांगायचं. तवर च्या आला." त्यांनी पुन्हा कोयता उचलला. "आन् खरं सांगू का गड्या, पुडची खुर्ची लय बेस आस्ती. धूळ लागत न्हाई."

"आता काय करू मी?"

"वाच की. जसं हाय तसं वाच. त्येचं नाव तेवडं दोनदा वाच. येकदा लोकांसाटी, येकदा माज्यासाटी. मरून गेला त्यो. माजं काय वाचू नगंस."

"आणि तो कमानीवरचा फ्लेक्स?"

"ऱ्हाऊ दे. वाऱ्यानं फाटंल."

शर्यतीच्या दिवशी गावात माणूस मावत नव्हता. शाळा, सोसायटी, दूध डेअरी, सगळं बंद करून लोक रस्त्याला. ट्रॉलीवर मंडप, मंडपात साहेब, सरपंच, मॅडम आणि मधोमध खुर्चीवर तात्या. रेषेवर आमच्या मैदानाचा झेंडापंच लाल झेंडा घेऊन ऐटीत उभा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण रेषा दिसली की तो उभा राहतो. हलगीवाले आलेले. पोत्यानं गुलाल.

मी इतिहास सांगितला. त्यात माझी थोडी भर पडली असेल, पण साल इकडचं तिकडं केलं नाही. विजेते एकेक करून वाचत गेलो आणि ते साल आलं. आख्खं गाव पुढं वाकलं. हलगीवाल्यानं काठी उचलून धरली. मी त्या पंजाब्याचं नाव वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

लोकांना वाटलं मी अडखळलो. मी माईक घट्ट धरला आणि म्हणालो, "मंडळी, तात्या विजेते नव्हते. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो."

मग मागून एकानं आरोळी ठोकली, "आज लय मोठी टाकलीस रं!" आणि सगळा रस्ता हसायला लागला. जिथं मी बैलाला पंख फुटल्याचं सांगितलं होतं तिथं लोकांनी माना डोलावल्या होत्या. आयुष्यात एकदा खरं बोललो तर पोट धरून हसतायत! सरपंच माझा सदरा मागून ओढत होते. "कागद कुणी दिला? खोटा कागद हाय ह्यो!" मॅडम म्हणतायत खरा आहे, सरपंच म्हणतायत कमानीवर बघा, आणि साहेब हातात शाल घेऊन एकदा कागदाकडं आणि एकदा तात्यांकडं बघतायत.

तात्या उठले. माझ्या हातातून त्यांनी माईक घेतला. आयुष्यात त्यांनी माईक धरलेला नव्हता, त्यामुळं तो पाण्याच्या गडव्यासारखा धरला.

"ह्यो खरं बोलतोय," ते म्हणाले. "पयला मी न्हवतो. त्यो व्हता. माजं फकस्त चाक व्हतं." आणि चाकाची हकिगत चार वाक्यांत सांगून त्यांनी त्या कागदाकडं तोंड करून कडक सलाम ठोकला.

आता कुणी हसेना. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. मला वाटलं, संपलं, खुर्ची गेली. तेवढ्यात गर्दीतून गावचा सगळ्यांत म्हातारा गाडीवान पुढं आला. बैल दिसत नाहीत, तरी आवाजावरून खोंड ओळखणारा माणूस. त्यानं काठी वर केली.

"तात्या, चाक पुडचं का मागचं?"

"पुडचं."

"शेवटपातूर तेच व्हतं?"

"व्हय."

म्हातारा मॅडमकडं वळला. "बाई, रेघ कशी धरत्यात तुमच्यात? मानूस गेल्यावर का सायकल?"

मॅडम गोंधळल्या, पण शिकलेली पोरगी, खरं ते सांगितलं. "पुढच्या चाकाची कड रेषेला लागली की धरतात."

"म्हंजे रेघंला आदी कोन लागलं?" म्हातारा गर्दीकडं फिरला. "पंजाब्याचं नाक का तात्याचं चाक?"

पुढं काय झालं ते मी समालोचक असूनही सांगू शकत नाही, कारण माझा आवाज त्यात पहिल्यांदाच बुडाला. "चाऽऽक!" म्हणून जी आरोळी उठली तिनं कमानीवरचा फ्लेक्स खरोखरच टर्रकन फाटला. हलगी कडाडली. म्हातारा ओरडून सांगत होता, की जोडीत एक बैल या गावचा आणि एक त्या गावचा असला तर गुलाल काय एकाच्याच शिंगाला लावता? तात्या दोन्ही हात हलवून "आरं न्हाई, आरं ऐका" म्हणतायत, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर फेटा बसला. फेटा बसल्यावर ते खाली बसले. मी मॅडमना विचारलं, आता पहिला कोण? त्या म्हणाल्या, "यादीत आहे तोच. पण... चाक... थांबा, मला विचारावं लागेल."

ते कुणाला विचारणार होत्या हे राहूनच गेलं, कारण सायकली आल्या. शिंक येऊन जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आल्या आणि गेल्या. आधी तीन, मग मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा सगळा थवा. झेंडापंचानं झेंडा पाडला. गावानं आपल्या शिरस्त्याप्रमाणं पहिल्याच्या अंगावर गुलाल टाकला, म्हणजे टाकायला गेलं; पण तो पहिला एवढ्यात पुढं निघून गेला होता आणि सगळं पोतं चौथ्यावर पडलं. चौथ्याच्या अंगात पांढरी जर्सी होती. तो खोकत, शिव्या देत, गुलाबी होऊन विट्याकडं गेला. सांगलीत पंच म्हणे अर्धा तास वही चाळत होते, की ही गुलाबी जर्सी कशाची. हे मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण सांगणारा पुन्हा तोच माणूस होता.

चार दिवसांनी तात्यांनी मला बोलावलं. खुंटीवरचं चाक खाली काढून पुसून ठेवलं होतं.

"ह्ये त्येच्या घरी पोचलं पायजे," ते म्हणाले. "लोकं काय ऐकनात. निदान ह्ये तरी जाऊ दे."

"आवं, पंजाबात कोण जाणार?"

"तुजा मेव्हना तितंच हाय न्हवं?"

आमच्या भागात हे एक बरं आहे. विट्याकडची निम्मी माणसं सोनं गाळायच्या दुकानांपायी देशभर पसरलेली. हिंदुस्थानात असं शहर नाही जिथं भट्टी पेटवून आमचा माणूस बसलेला नाही. चंद्रावर सोनं सापडलं तर पहिलं दुकान विटेकराचं निघेल. मेव्हणा सणाला आलाच होता. जाताना त्याच्या गाठोड्यात चाक बांधून दिलं. रेल्वेत तीन तपासनिसांनी विचारलं, सायकल कुठाय? तो म्हणाला, पुढं गेलीय.

पंधरवड्यानं त्याचा फोन आला. मी तात्यांच्या शेजारीच बसलो होतो, फोन मोठ्यानं लावला. त्यानं घर शोधून काढलं होतं. घरात त्या पंजाब्याची म्हातारी बायको. तिनं चाक हातात घेतलं, बराच वेळ फिरवून बघितलं आणि मग त्याला मागच्या पडवीत नेलं. तिथं भिंतीवर तसंच एक चाक. नवऱ्यानं मरेपर्यंत त्याला तेल घातलेलं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा म्हणे, की ही शर्यत मी जिंकलो नाही, साताऱ्याकडच्या एका मराठ्यानं जिंकली. आणि गाव त्याला हसायचं.

"म्हातारी म्हणतीय, भिंतीवरचं हे तुमचं आहे, घेऊन जा," मेव्हणा फोनवर सांगत होता. "तात्यांना विचार, आणू का?"

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. इकडचा विजेता म्हणतो तिकडचा जिंकला, तिकडचा म्हणायचा इकडचा, यादी एक सांगते, गाव एक सांगतं. माझ्या वहीत अजून ते चार 'पहिला' तसेच आहेत, आणि आता हे पाचवं चाक कुठल्या रंगात लिहायचं मला समजेना.

"नगं आनू म्हनावं," तात्या शेवटी म्हणाले. "पयलं आल्यालं चाक हाय. पयल्याच्याच घरात ऱ्हाऊ दे."

मी फोन ठेवला. तात्या उठले, रिकाम्या खुंटीवर दावी नीट अडकवली आणि पाठ तशीच ठेवून म्हणाले,

"आन् आयतवारच्या मैदानाला काय बी वरड. पर माजी खुर्ची पुडंच ठिव. मागनं मला दिसत न्हाई."